पाय बाकावर घ्या

डॉक्टरांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मी तिच्या पायाचा अंगठा दाबला. तिचा हात वर आला नाही. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली. हे नांदेडला घडलं, सोमवारी.

त्याला आता वर्ष होईल. मी दिवसाला दोन-चार ओळींपेक्षा जास्त लिहू शकत नाही, आणि लिहायला बसले की दुःखाच्या आधी हसू येतं. त्याला कारण तो अंगठाच आहे.

आमचं गाव देवणीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. दुष्काळाच्या सालात आई-वडील दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. मी पहिलीत होते. धाकटीचं वय शाळेचं झालं होतं, पण तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तिला शाळेत घालायचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. तो घातला सुकडीने. शाळेत पोरांना सुकडी, म्हणजे सरकारी गोड भरडा, वाटायला लागले आणि आईने त्याच दिवशी धाकटीची वेणी घातली.

गुरुजी एक, खोली एक, चार वर्ग. गुरुजींचा नियम साधा होता. ज्याची हजेरी, त्याची सुकडी. आणि हजेरी म्हणजे हात वर करून तोंडाने आवाज यायला हवा. पहिल्या दिवशी धाकटीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती छतावरच्या चिमणीकडे बघत होती. त्या दिवशी आम्ही माझ्या वाटणीची सुकडी दोघींत खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशी मला उपाय सुचला.

आम्ही तरटावर शेजारी बसायचो. तिचं नाव आलं की मी पाय सरकवून तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा दाबायचा. तिने हात वर करायचा आणि "हाऽ" म्हणायचं. हे मी तिला घरी चुलीपुढे बसवून शिकवलं. ती दुपारभरात शिकली. मला पाढे शिकायला याहून जास्त वेळ लागला होता.

चार वर्षं हे चाललं. एकदाच गडबड झाली. डास चावला म्हणून मी पाय हलवला आणि धाकटीने एका भलत्याच मुलीच्या नावाला "हाऽ" केलं. ती मुलगी तेव्हा मामाच्या गावाला गेली होती. तिची हजेरी लागली, सुकडी आली, आणि ती कुणी खाल्ली हे मी इथे लिहीत नाही.

सुकडी बंद झाली तरी अंगठा चालू राहिला. घरी पाहुणे आले, कुणी तिला हाक मारली, की माझा पाय आपोआप सरकायचा. गावात पसरलं की पोरीला तसं ऐकू येतं, मर्जी असेल तेव्हा. आईचंही तेच मत झालं. "शाळेत हजेरी देती की रोज," ती म्हणायची. "भांडी घासायला बोलवलं की मात्र बहिरी होती."

चौथीनंतर धाकटी घरी बसली. अक्षर मोत्यासारखं, पण पुढच्या शाळेने घेतलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. मी तेव्हा उदगीरला कॉलेजात होते आणि वाचनालयातलं वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचे. त्यात एक दिवस दिसलं की लातूरला मूकबधिरांची शाळा निघते आहे, वसतिगृहासकट, मोठ्या मुलींना शिवणकामाचा वर्ग. वयाची मर्यादा सतरा. धाकटीला सतरा पूर्ण व्हायला पाच आठवडे होते. हे हुकलं की तिला दुसरी शाळा नव्हती, चूल होती. लागत होता फक्त एक दाखला, ऐकू येत नसल्याचा.

दाखल्याचा वार बुधवार. मी, आई आणि धाकटी पहाटेच्या एसटीने लातूरला निघालो. दवाखान्याच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पांढऱ्या रंगाने पुसलं होतं, पण एका हातात पुसलं गेलं नव्हतं. नव्या नावाच्या मागून जुनं डोकावत होतं. आईने शिपायाला, डॉक्टरांना आणि वजनकाट्यावर उभ्या असलेल्या एका पेशंटलाही जय भीम घातला आणि बाहेर जाऊन बसली. आत मी आणि धाकटी एका बाकावर.

डॉक्टर म्हणाले, "मी मागून घंटी वाजवतो. ऐकू आली की हात वर करायचा. सांगा तिला."

मी खुणेने सांगितलं. डॉक्टरांनी टेबलावरची घंटी उचलली. ती शिपायाला बोलवायची घंटी होती. ते धाकटीच्या मागे गेले आणि त्यांनी ती वाजवली.

माझा पाय सरकला.

मी तो सरकवला नाही. शपथेवर सांगते, तो सरकला. धाकटीने हात वर केला. "हाऽ!" दारातून शिपाई आत आला. "काय साहेब?"

"काही नाही, जा."

दुसऱ्यांदा घंटी हळू वाजली. अंगठा, हात, "हाऽ", शिपाई. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी घंटीवर रुमाल टाकला. शिपायाला ऐकू आली नाही. धाकटीला आली.

"अहो, हिला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी लिहून दिलं. श्रवणशक्ती सामान्य.

मला तोंड उघडून सांगता आलं असतं. आलं नाही. मी पुस्तकांत रमणारी मुलगी, साहेबासमोर माझी जीभ टाळूला चिकटायची. बाहेर येऊन आईला कागद वाचून दाखवला तर ती हरखली. "बघ, मी म्हनत नव्हते? समदं ऐकू येतंय हिला. नाटकं करून राह्यली इतकी वर्सं!" स्टँडवर तिने पावशेर पेढे घेतले. धाकटीने माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला आणि बोट वर केलं. म्हणजे, मी पास झाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिची परीक्षा घेतली होती. मी पेढा खाल्ला.

सोमवारी मी एकटी परत गेले. खिडकीत कारकून होता.

"दाखला चुकलाय," मी म्हणाले. "तिला ऐकू येत नाही."

"ताई, बुधवारी येत होतं. साहेबांची सही हाय. मधी काय झालं? पडली-बिडली का?"

"नाही."

"मग बहिरी व्हायला काय कारण?"

"ती आधीपासूनच आहे."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय? आता दुरुस्तीचा नमुना पायजे. तो ऱ्हायला उस्मानाबादला. जिल्हा आला, नमुना आला न्हाई अजून." मग मी तिथून हलत नाही असं बघून त्याने एक कोरा कागद पुढे केला. "काय झालं ते लिहून द्या. खरं लिवा."

व्हरांड्यात बसून मी जन्मातला पहिला अर्ज लिहिला. दुष्काळ, सुकडी, तरट, डास, सगळं. विषय म्हणून लिहिलं, "माझ्या उजव्या पायाकडून झालेल्या चुकीबाबत." कारकुनाने तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग शेजारच्याला वाचून दाखवला. मग स्वतः आत घेऊन गेला. नमुन्याचं नाव कुणी काढलं नाही.

बुधवारी परत बोलावलं. डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं, पण मी दाराबाहेर गेले की धाकटी उठून माझ्यामागे यायची. शेवटी ते म्हणाले, "बसा तिच्या शेजारी. पण पाय बाकावर घ्या. मांडी घाला."

सरकारी बाकावर मी आसनमांडी घालून बसले. घंटी वाजली. शिपाई आला. पुन्हा वाजली. शिपाई आला. तिसऱ्यांदा तो आत येऊन तिथेच उभा राहिला, म्हणाला, "आता हितंच थांबतो." हात मात्र वर आला नाही. धाकटी खाली, माझे पाय नेहमी असतात त्या जागी बघत होती. मग तिने वर माझ्याकडे पाहिलं. तसं तिने मला त्याआधी आणि नंतर कधी पाहिलं नाही.

दाखला मिळाला. सतरा पूर्ण व्हायला बावीस दिवस होते. उदगीरपर्यंत धाकटी खिडकीकडे तोंड करून बसली. तिच्या लेखी मी तिला नापास केलं होतं. शाळेत पोहोचवलं तेव्हाही ती वळून न बघता आत गेली.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. मोत्यासारखं अक्षर. "इथे कुणालाच ऐकू येत नाही. फार बरं वाटतं. माझी गादी खिडकीपाशी आहे. तू पाय सांभाळ."

हे सगळं मी गुरुजींना जाऊन सांगितलं. ते तोवर निवृत्त झाले होते. मला वाटलं, चकित होतील. ते म्हणाले, "चार वर्षं मान खाली घालून हजेरी घेतली मी. काय मानेला उसण भरली होती?"

मी त्यांच्या पाया पडले. पण घरी येताना वाटलं, या भल्या माणसाने आणि मी मिळून तिला चार वर्षं हजर दाखवलं. तिला ऐकू येत नाही असं कुणीच, कुठेच लिहिलं नाही. सुकडी मिळाली आणि शाळा गेली.

पुढे मी नांदेडला अशाच मुलांच्या शाळेत शिक्षिका झाले. धाकटी शिवणकाम शिकून माझ्याजवळ राहायला आली आणि मुलींना कापड बेतायला शिकवू लागली. बिलोली, नायगावकडचे आईबाप मुलांना घेऊन येतात, कुठे प्रवेश नाकारलेला, कुठे दाखला अडलेला. मी अर्ज लिहिते, त्यांच्याबरोबर खिडकीपाशी उभी राहते, आणि आता जीभ टाळूला चिकटत नाही. आत जाण्याआधी मी त्यांना अंगठ्याची गोष्ट सांगते. ते हसतात. नायगावचा एक बाप पोटभर हसला, आत गेला, आणि डॉक्टरांनी पोराला नाव विचारल्यावर स्वतःच उत्तर दिलं. मी खिडकीतून खूण केली. त्याने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. पाय नव्हे, तोंड आवरायचं होतं. पण त्याला मुद्दा कळला होता.

धाकटी गेल्यावर तिच्या पेटीत दोन्ही दाखले निघाले, एकाच घडीत. पहिला तिने फाडला नव्हता.

ते आता माझ्याकडे आहेत. एकावर लिहिलं आहे की तिला ऐकू येतं, दुसऱ्यावर की येत नाही.