अन्नाने कॅमेऱ्याला कुंकू लावलं त्या दिवशी

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो. इथले भुताखेतांचे बरेच अनुभव वाचून शेवटी कळतं की लिहिणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं, सगळा दोष कुठल्यातरी झाडाचा नाहीतर वळणाचा होता. माझं तसं नाही. मी माझ्या थोरल्या भावाला चारचौघांत असं काही बोललो की जे बोलायला नको होतं. त्यानंतर जे घडलं त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. इथले किस्से मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, तेही हसायला. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करतो. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावरच माझं आयुष्य गेलंय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. विणकरांचं घर, घरात तेलुगू बोलतो. इथे सगळं मराठीतच लिहितो. पुढे राहायच्या खोल्या, मध्ये छोटं अंगण, मागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये टॉवेलचे माग. ते माग अन्ना चालवतो. अन्ना म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. अन्नाने माग धरला म्हणून मी शिकलो. हे घरात कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे, आणि कदाचित तेच मला आतून टोचत असावं.

वर्षभरापासून माल परत येत होता. धागा तुटलेला, तसंच पुढे विणलेलं, मध्येच फट पडलेली. अन्ना म्हणायचा सूत खराब आहे. मी म्हणायचो तू मागापुढे बसून झोपतोस. यावरून रोज भांडण. शेवटी शेवटी आम्ही एकमेकांशी वदिनामार्फत बोलायचो. वदिना म्हणजे अन्नाची बायको. "त्याला सांगा, शेड भाड्याने देऊन टाकू," असं मी अन्नाच्या देखत तिला म्हणायचो. अन्ना म्हणायचा, "त्याला सांग, मी मेल्यावर दे म्हणावं."

मला पुरावा हवा होता. अन्ना झोपलेला एकदा कॅमेऱ्यात दिसला की विषय संपला, माग बंद.

लॉकडाऊनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला एक साधा यूएसबी वेबकॅम घरात पडून होता. घरचा कॉम्प्युटर जुना, म्हणून त्यावर मी नव्याने लिनक्स टाकलं होतं. डिस्क पूर्ण पुसून. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल. त्या मशीनवर जुना एकही व्हिडिओ नव्हता.

शेड मोकळी कधी मिळणार? खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी माग थांबतात. आदल्या संध्याकाळीच बंद करून पुसून ठेवतात. सकाळी पूजा, आणि दसऱ्याला परत चालू करेपर्यंत हात लावायचा नाही. मी भल्या सकाळी जाऊन कॅमेरा खांबाला बांधला, तोंड अन्नाच्या मागाकडे. केबलला एक्स्टेन्शन जोडून ती अंगणावरून पुढच्या खोलीत आणली. कॉम्प्युटरने तो काही ओळखला नाही. म्हटलं, ड्रायव्हरचं दुपारी बघू.

मग पूजा झाली. शेजारचे आले होते, वदिनाचा भाऊ आला होता. अन्ना मागाला, धोट्याला, कात्रीला, पान्याला, तेलाच्या बुधलीला, एकेकाला हळदकुंकू लावत चालला होता. खांबापाशी आला. थांबला.

"हे काय हाय बे?" त्याने किती दिवसांनी मला थेट विचारलं.

"कॅमेरा आहे."

"कशाला?"

"माल बघायला," मी खोटं बोललो.

"मग हे पण आपलंच अवजार झालं की," अन्ना म्हणाला. हाताने कॅमेरा चाचपला, बोट कुंकवात बुडवलं आणि बरोब्बर काचेवर टेकवलं. लेन्सच्या मधोमध.

मला वाटलं, याला कळलंय. हा मुद्दाम कॅमेरा आंधळा करतोय आणि वर सगळ्यांसमोर माझी चेष्टा करतोय. माझं डोकंच फिरलं.

"डोळे फुटले का तुझे?" मी ओरडलो. "काचेवर कुणी कुंकू लावतं? दिसत नाही तर मागाजवळ मरतोस कशाला? पूजा करतोय भंगाराची!"

आणि त्याच्या देखत शर्टाच्या टोकाने ते कुंकू खसाखसा पुसलं.

वदिना एवढंच म्हणाली, "सीनू, सणाचं..." अन्ना माझ्याकडे बघत होता. म्हणजे मला तसं वाटलं. त्याने कुंकवाची वाटी खाली ठेवली आणि बाहेर गेला. वदिनाने समईत तेल घातलं, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

मी पुढच्या खोलीत येऊन बसलो. राग उतरला नव्हता, उलट आज हे चालू करतोच म्हणून पेटलो होतो. यूएसबीच्या यादीत कॅमेरा दिसत होता, पण व्हिडिओचं डिव्हाइस तयार होत नव्हतं. ड्रायव्हरचं मॉड्यूल हाताने लोड केलं. डिव्हाइस आलं, तर आता परवानगी नाही म्हणे. माझं नाव व्हिडिओच्या ग्रुपमध्ये टाकलं, लॉगआउट करून परत आलो. रोज लॅबमध्ये करतो तसलंच काम. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम उघडला. आधी काळं, मग हिरवट रेघा, मग चित्र आलं.

माग चालू होता.

चित्राच्या मधोमध लाल डाग होता. म्हटलं, कुंकू नीट पुसलं गेलं नाही. पण माग चालू? त्यावर झेंडूची माळ नव्हती, समई नव्हती, ट्यूबलाइट लागलेली होती. आणि चित्र खांबावरून घेतल्यासारखं नव्हतं. माग अगदी जवळ होता, मागापुढे माणूस उभा राहिला की त्याला दिसेल तसा. खालून दोन हात आले. तुटलेला धागा शोधत होते. धागा त्या लाल डागाच्या मागे होता. बोटं चाचपत होती, चुकत होती, परत चाचपत होती. उजवा अंगठा अर्ध्या नखाचा.

लहानपणी मागाच्या गिअरमध्ये सापडलेला अन्नाचा अंगठा मी कुठेही ओळखेन.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. अन्ना कट्ट्यावर जेवत बसला होता. त्याच अंगठ्याने भात कालवत होता. बाकीचे त्याच्या बाजूला. मागून शेडकडून काही आवाज नाही. स्पीकरमधून मात्र खटक-खटक चालू.

मग चित्र वळलं. म्हणजे मान वळवावी तसं. शेडच्या दारात कुणीतरी उभं होतं. निळ्या रेघांचा शर्ट... मी घातलेला तोच. उंची माझी, उभं राहण्याची ढब माझी. तोंडाच्या जागी तो लाल डाग. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही. मी खुर्चीत हललो, तो हलला नाही. मागाचा आवाज एकदम थांबला आणि स्पीकरमधून माझाच आवाज आला.

"डोळे फुटले का तुझे?"

परत. परत. तोच सूर, तोच ताठा. मी स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. इतका वाईट आवाज आहे माझा? त्या आवाजात धाकटा भाऊ कुठेच नव्हता. तो बिनचेहऱ्याचा माणूस एकेक पाऊल जवळ येत होता आणि मला... लिहायला लाज वाटते, पण मला त्याची भीती वाटत होती. हा आता मारणार, असंच वाटत होतं.

मी केबल ओढून काढली. स्क्रीनवर ओळ उमटली, कॅमेरा निघाल्याची. कॅमेरा काढला की चित्र गोठतं, हे मला माहीत आहे. हे गोठलं नाही. तो येतच राहिला. शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं, तेव्हा कुठे सगळं काळं झालं.

वदिनाकडून किल्ली मागितली. "आज उघडायचं नसतं," ती म्हणाली. माझं तोंड बघून मात्र दिली. शेडमध्ये समई शांत जळत होती. मागावर माळ, धोट्यावर कुंकू. कॅमेऱ्याची काच लख्ख.

नंतर काय तपासलं ते इथेच सांगतो, म्हणजे शेवटी पुन्हा त्याकडे यायला नको. तोच कॅमेरा त्याच मशीनवर लावला. साधं चित्र, डाग नाही. लॅबमध्ये लावला, तिथेही तसंच. ड्रायव्हर काढून परत घातला, सगळे लॉग वाचले. कॅमेरा सापडल्याची ओळ आहे, निघाल्याची ओळ आहे, बाकी काही नाही. जुनं रेकॉर्डिंग म्हणावं तर कॅमेरा शेडमध्ये पहिल्यांदाच गेला होता आणि माग आदल्या संध्याकाळपासून बंद होते. तुमच्यापैकी कुणी या कामातले असाल तर सांगा. मी ऐकेन.

पण मला त्या रात्री दुसऱ्याच गोष्टीने झोपू दिलं नाही. तो डाग.

दसऱ्याच्या सकाळी अन्ना माग चालू करायला शेडमध्ये गेला. मी मागून गेलो. तो मागाशी उभा राहून धागा बघत होता. बघत नव्हता, चाचपत होता. वर्षभर हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"अन्ना," मी म्हटलं, "तुला मधोमध लाल दिसतं का?"

त्याचा हात थांबला. मग तो माझ्या अंगावरच आला.

"कुणी सांगितलं तुला? तिनं सांगितलं? तिला पण म्हाईत न्हाय! चोरून नजर ठेवलीस का बे माझ्यावर?"

"कुणी नाही सांगितलं."

"मग आता कर की बंद! हेच पाहिजे होतं ना तुला? फुटले डोळे, व्हय, फुटले! जा, बोलव भंगारवाल्याला!" त्याने खांबावरचा कॅमेरा हिसकून जमिनीवर आपटला, फुटला नाही एवढंच. लहानपणापासून मी अन्नाला रागावलेला बघितलाय, घाबरलेला कधी बघितला नव्हता.

मी काय बघितलं ते त्याला सांगितलं. माग, हात, अंगठा, सगळं. दारातल्या माणसाचं सांगितलं तेव्हा तो धपकन स्टुलावर बसला.

"कडेकडेनं दिसतंय मला," तो म्हणाला. "मधलं जातंय. आधी धागा जायचा. मग माणसांची तोंडं गेली. तुला शर्टावरनं वळखतो मी. तुझं तोंड दिसून लई दिवस झाले, सीनू."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुला?"

माझं म्हणणं खरंच होतं बघा. फट सुताने पडत नव्हती, अन्नामुळेच पडत होती. पुरावा हवा होता, तो मिळाला. आणि आता तो मला नको होता.

त्या दिवशी माग चालू केला तो दोघांनी. अन्ना मागापुढे, मी शेजारी. धागा तुटला की मी म्हणायचो, "डावीकडे." तो गाठ मारायचा. दोन-तीनदा "गप बे, कळतंय मला" म्हणून खेकसला. मी गप्प बसलो नाही, आणि त्यानेही मला हाकललं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला तो अजून तयार नव्हता. ते भांडण अजून चालू आहे.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. तेच शेजारी, तोच वदिनाचा भाऊ. अन्ना कट्ट्यावर बसून आपट्याची पानं घेत होता, आणि मला आता दिसत होतं की समोरचा बोलेपर्यंत तो नाव घेत नाही. सगळ्यांचं झाल्यावर मी पुढे गेलो. मी कपडे बदलले होते. नवा पांढरा शर्ट. त्याने मान वर केली, आणि मला ओळखलं नाही. हसून वाट बघत राहिला, पाहुण्याची बघावी तशी.

मी त्याच्या हातात पानं ठेवली आणि हात सोडला नाही. तो अर्ध्या नखाचा अंगठा माझ्या मुठीत होता.

"अन्ना, मी सीनू," मी म्हटलं. "काल या सगळ्यांसमोर तुला बोललो, म्हणून यांच्यासमोरच सांगतोय. तुला वर्षभर दिसत नव्हतं, आणि मी एकाच घरात राहून विचारलं नाही. तुला पकडायला कॅमेरा लावला, आणि तू त्याला कुंकू लावलंस. चूक माझी आहे. मला माफ कर."