कोरडं पुडकं

वाशीमजवळच्या मालेगावच्या इस्माईलला पावसाचा राग होता. एखाद्या माणसाचा यावा तसा. आभाळ भरून आलं की तो तिकडे पाठ करून बसे. लोक हसत. त्या रागाचं मूळ केनवडच्या एका लग्नात होतं.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. इस्माईल फौजेच्या मोटारखात्यातून घरी आला तो फटफटीवर बसून. हिरव्या रंगाची, फौजेनं मोडीत काढलेली. गावातली पहिलीच. तिचा आवाज आला की म्हशी दावं तोडत आणि बाया त्याला शिव्या घालत.

त्याचे वडील चांदभाई मशालजी. आसपासच्या गावांतल्या वराती त्यांच्या मशालींच्या उजेडात निघायच्या. इस्माईलला तो तेलकट धंदा नको होता. त्यानं गॅसबत्त्या आणल्या. मशाली आढ्याला टांगल्या गेल्या. चांदभाईंनीच टांगल्या. बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्या वैशाखात केनवडच्या रामराव पाटलांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड वाशीमचं. वाशीमला दौलतसिंगच्या बत्त्यांचं मोठं नाव होतं.

रामरावांनी इस्माईलला बोलावून घेतलं. म्हणाले, "लगन गोरज मुहूर्तावर हाय. मंग पंगत. पंगतीत उजेड पाहिजे, नाही तं आत्ताच सांग. दौलतसिंगले बोलावतो."

"पाटील, दिवस उगवल्यावानी उजेड पाडतो."

"पाह्य बरं. धाकटीचं बी पुढच्या साली हाय. आन् केनवडात जो उजेड पाडन, त्यालेच सारी गावं बोलावतीन."

इस्माईलनं छातीवर हात ठेवला आणि सुपारी घेतली.

बत्त्या होत्या. जाळ्या नव्हत्या. गॅसबत्तीचा जीव त्या रेशमी जाळीत असतो. एकदा पेटली की तिची राख होते, आणि ती राखच उजेड देते. बैलगाडीत नेली की पहिल्या धक्क्याला गळून पडते. म्हणून दर लग्नाला नवी जाळी लागते. लढाईपासून जाळ्यांचा तुटवडा होता. वाशीमला नव्हत्या, अकोल्याला नव्हत्या. अमरावतीच्या एका दुकानदाराकडे आहेत असं कळलं.

"मोटारनं जाय," आई कुलसुम म्हणाली.

"मोटार कवा येईन अन् कवा बंद पडन, कोण सांगावं? मी फटफटीनं जातो. लगनाच्या दिवशी दुपारी केनवडात हजर."

निघण्याआधी त्यानं बत्त्या गाडीत भरल्या. काचा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे चिंध्यांत गुंडाळलेल्या मशाली घातल्या. मशालींचा तेवढाच उपयोग उरला होता. चांदभाई पाहत होते. गाडी घेऊन परभारे केनवडला जायचं काम त्यांचं होतं.

अमरावतीत जाळ्या मिळाल्या. कागदी पुडकं, वर दोरा. दुकानदार म्हणाला, "पाण्यापासून सांभाळा. जाळीत मसाला असतो. तो धुपला की राख उभी राहत नाही."

"समजलं," इस्माईल म्हणाला. त्यानं पुडकं झोळीत टाकलं आणि रात्री मुसाफिरखान्यात झोपला.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. कारंजा येईपर्यंत वारा सुटला. मग टपोरे थेंब आले. वैशाखात! लग्नाच्याच दिवशी! त्यानं झोळी चाचपली. झोळीला ओल लागली होती. पुडकं अजून कोरडं होतं.

आता ठेवायचं कुठे? त्याला विचार करावा लागला नाही. आपल्याकडे मोलाची चीज बंडीच्या आतल्या खिशात जाते. पगार तिथे, तावीज तिथे, हुंडी तिथे. तो लढाईवर निघाला तेव्हा कुलसुमनं तो खिसा दुहेरी टाक्यानं शिवला होता. त्यानं पुडकं छातीशी सरकवलं. वर फौजेचा जाड कोट. गळ्यापर्यंत गुंड्या.

ज्या टपरीच्या आडोशाला तो थांबला होता, तिथला चहावाला म्हणाला, "थांबा ना जरा. काय घाई हाय?"

"लगन हाय."

"तुमचं?"

"माह्यं असतं तं थांबलो असतो."

पुढे दोन रस्ते फुटत होते. आभाळ शेलूच्या अंगाला काळं होतं, मंगरुळच्या अंगाला पांढरं. त्यानं फटफटी मंगरुळकडे वळवली. कोस-दीड कोस गेला असेल. काळं आभाळ तिकडे आलं. कुणी चुगली केल्यासारखं. गारा पडू लागल्या. रस्त्याखालच्या मोरीत त्यानं फटफटी ढकलली आणि स्वतः वाकून बसला. वर गारा ताशासारख्या वाजत होत्या. तो तिथून आभाळाला शिव्या देत होता. फौजेत शिकलेल्या सगळ्या.

गारा थांबल्या. त्यानं कोटात हात घालून पाहिलं. पुडकं कोरडं. तो निघाला. पाऊस पुढे दिसला की थांबायचा, मागून आला की पळायचा. एका गावात देवळाच्या ओसरीवर बसला, दुसऱ्या गावात सुताराच्या छपरात. दुपार त्यातच गेली. पोटात अन्न नव्हतं. तरी अंगावर पाण्याचा थेंब नव्हता.

किन्हीराजा गाव मागे पडलं आणि समोर मालेगावच्या सडकेवर पावसाची भिंत उभी राहिली. वीज चमकत होती. उजव्या हाताला मात्र आभाळ निळं, धुतल्यासारखं. तिकडून एक गाडवाट जात होती. मालेगाव डावीकडे टाकून केनवडला निघणारी. लहानपणी तो त्या वाटेनं मशालींच्या गाडीत बसून गेला होता.

त्यानं सडक सोडली.

वाट वरून वाळलेली होती. पापुद्र्याखाली काळी माती लोण्यासारखी. शेतभर गेल्यावर चाक जड झालं. मग फिरेना. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधे माती गच्च बसली. त्यानं काटकीनं ती उकरली. दहा पावलं गेला. पुन्हा बसली. मग तो खाली उतरून ढकलू लागला.

आणि ऊन पडलं. पावसानंतरचं, चटका देणारं. जमिनीतून वाफ निघत होती. इस्माईल हसला. पाऊस मागे राहिला होता. आपण त्याला फसवलं. त्यानं कोट काढला नाही. न जाणो, पुन्हा आला तर?

बांधावर कस्तुराबाई नावाची शेतकरीण वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या वेचत होती. तिनं कंबरेवर हात ठेवले.

"काय भाऊ, घोडं मेलं का?"

"घोडं नाही बाई. फटफटी हाय."

"मंग तिले काहून ढकलून राह्यला? तिच्यावर बसाचं असते ना?"

"चाकात माती भरली."

"पानी पडल्यावर आमी या वाटेनं म्हशी बी नाही नेत. चांगली सडक सोडून इकडं कायले आला?"

"पाऊस चुकवाले."

बाईनं वर पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "पाऊस तं इथं काल पडला."

इस्माईलनं फटफटीला एक लाथ मारली. पाय दुखला.

तिच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं, बैल आणले. दोर बांधला. फटफटी बैलांमागे घसरत निघाली. इस्माईल मागून रेटत होता.

"आमच्या बैलाले पेट्रोल नाही लागत," इंद्रभान म्हणाला. "सरकीची ढेप घातली की झालं."

"चाला ना भाऊ लवकर."

"बैल हाय ते. फौज नाही."

घाम डोळ्यांत जात होता. पाठीवरून, छातीवरून वाहत होता. तो रेटत राहिला.

केनवडच्या वेशीत पोहोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पंगत बसली होती. वाढपी अंधारात चाचपडत होते. एकानं भाताच्या ढिगावर बुंदी वाढली म्हणून हशा चालला होता. वाशीमकडचा एक पाहुणा मोठ्यानं म्हणाला, "दिवस उगवनार होता म्हने! इथं तं चांदनी बी दिसून नाही राह्यली!"

रामराव मांडवाच्या खांबाशी उभे होते. त्यांनी फक्त हातानं खूण केली. लवकर.

चांदभाईंनी बत्त्या मांडून ठेवल्या होत्या. काचा पुसलेल्या, तेल भरलेलं. इस्माईलनं कोट काढला. बंडीच्या खिशात हात घातला.

पुडकं कोमट होतं. मऊ होतं. कागद बोटांना चिकटला.

त्याला लगेच कळलं. तरी त्यानं पहिली जाळी बांधली. पेटवली. ती भडकली, काळवंडली आणि हवा भरताच गळून पडली. दुसरी. तिसरी. पुडक्याच्या मधली एक तेवढी उभी राहिली, एका अंगानं फाटलेली. तिच्या उजेडात रामरावांचं तोंड दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

"पाऊस लागला?" चांदभाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"बंडीत ठेवलं होतं, अब्बा."

चांदभाईंनी मुलाची भिजलेली बंडी पाहिली. ते हसले नाहीत. गाडीकडे गेले. बत्त्यांच्या मधून मशाली काढल्या, चिंध्या घट्ट गुंडाळल्या. रामरावांच्या घरून जवसाचं तेल मागून घेतलं. एक मशाल पेटली, तिच्यावर दुसरी. पेटलेली मशाल त्यांनी इस्माईलपुढे धरली.

लढाईच्या आधीपासून त्यानं मशाल हातात घेतली नव्हती. त्यानं घेतली.

पंगत उठेपर्यंत तो एका टोकाला उभा होता. दुसऱ्या टोकाला बाप. धूर डोळ्यांत जात होता. वाशीमचा तो पाहुणा हात धुवायला त्याच्या जवळून गेला आणि म्हणाला, "फौजी, जरा इकडं धर." त्यानं धरली.

निघताना रामराव म्हणाले, "तुह्या बापानं लाज राखली. पन धाकटीच्या टायमाले दौलतसिंगले सांगतो. राग मानू नको."

इस्माईलनं मान हलवली. वर आभाळ चांदण्यांनी भरलं होतं. त्या संध्याकाळी केनवडात पावसाचा एक थेंबही पडला नाही.

पुढे लोक म्हणत, पावसानं घात केला बिचाऱ्याचा. इस्माईल हो म्हणे. नाही म्हटलं असतं तर घामाचं सांगावं लागलं असतं.

घरी आल्यावर त्यानं बंडी आईपुढे टाकली. "हा खिसा उसवून दे."

कुलसुमनं खिसा उलटा करून पाहिला. टाके ओढून पाहिले. "काहून रे? इतका मजबूत शिवला म्या. काय पडलं यातून?"

"काही नाही पडलं," इस्माईल म्हणाला, आणि फटफटीच्या चाकातली माती उकरायला बाहेर गेला.