बारा अंगठे आणि अडकलेला दरवाजा

वार्तिनीबाईंना अकरा वर्षांत गल्लीच्या प्रमुखपदावरून कोणी हटवलं नाही, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नकोच होतं. सकाळी विकायला टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळायच्या, दुपारी लोकांचे दाखले आणि भांडणं, आणि आता महापालिकेचं हे तक्रारींचं ॲप. बाईंचा मात्र त्या ॲपवर भारी जीव! साहेबाच्या दारात ताटकळणं नाही, घरबसल्या फोटो पाठवायचा.

पण या खेपेला ॲप हटून बसलं होतं. नाल्याच्या तोंडावरचा लोखंडी दरवाजा उघडाच अडकलेला, आणि शुक्रवारी मोठी भरती. दरवाजा खाली आला नाही तर समुद्र सरळ घरात. अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला, सुकिरना, बाईंनी मागच्या भरतीत सहा तास जेवणाच्या टेबलावर धरून ठेवलं होतं. या वेळी तीन तक्रारी केल्या. तिन्हींना एकच उत्तर आलं: 'आभारी आहोत. प्रकरण बंद.'

बुधवारी सकाळीच बाई फोन घेऊन महापालिकेत धडकल्या.

"बुडवा आम्हाला, आणि वर आभार माना!"

खिडकीतला कारकून हान्दोको बाईंना मानानं 'बू' म्हणायचा. त्यानं फोटो पाहिले आणि त्याला हसू आवरेना. "बू, यात बारा बायका आहेत. एकसारखे स्कार्फ, अंगठे वर, सगळ्या हसतायत. दरवाजा कुठाय?"

"आमच्या मागे!"

"ॲपला काय कळणार? ते नुसता फोटो बघतं. त्याला वाटलं, कौतुक करताय."

"अरे, फोटो म्हटल्यावर अंगठा वर करायचा नाही तर काय तोंड पाडून उभं राहायचं?"

"नुसत्या दरवाज्याचा फोटो काढा, बू. हात जोडतो."

बाई परतल्या, तर गल्लीतल्या बायका फोटोसाठी स्कार्फ बांधून तयार!

"बाजूला व्हा! एकही माणूस नको!"

"माणसांशिवाय फोटो? त्या गंजक्या पत्र्याला कोण विचारणार?" शेजारीण मुर्याती फणकारली, पण सरकली.

फोटो गेला. ॲपच्या नकाशावर नाल्यापाशी तक्रार नोंदल्याचा लाल ठिपका उमटला, तशी बाईंनी एकसष्टाव्या वर्षी चक्क उडी मारली. दुपारी ठिपका पिवळा झाला, म्हणजे काम हाती घेतलं. गुरुवारी उजाडताच चार माणसं साखळ्या आणि ग्रीसचे डबे घेऊन हजर!

शुक्रवारी पाणी आलं, दरवाज्यावर आपटलं आणि तिथंच अडलं. बायकांनी जल्लोष करत फोटोसाठी ओळ धरली.

"आता तरी खाली बसा गं, दरवाजा दिसू दे!" बाई ओरडल्या.

तो फोटो घेऊन बाई धावत घरी गेल्या. सुकिर छताकडे बघत पडले होते. "पाणी कुठवर आलं?"

"इथवर," बाईंनी फोटोतल्या दरवाज्यावर बोट ठेवलं.

सुकिरनी फोटो पाहिला. मग धड हाताचा अंगठा हळूहळू वर केला.