वस्तीचा सहभाग

समस्त जनांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आरोग्याच्या कामात वस्तीचा सहभाग किती, हे मोजणारी मी संभाजीनगरातली एक थोर अधिकारी होते. ओल्या हळदीचा वास आला की ती एक गल्ली आठवते. पोरींना शिकू द्या, लग्नाची घाई नको, हे सांगायला आम्ही तिथं बैठक लावायचो आणि सतरंजी रिकामीच राहायची. आमची कार्यकर्ती, त्याच गल्लीतली बारावीतली पोरगी, दारोदार जाऊन बायांना बोलावून घसा बसवून घ्यायची. अठरावं सरताच घरच्यांनी तिचंच लग्न कन्नड गावी ठरवलं, कॉलेज सुटलं. हळदीला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिच्या गालाला हळद लावली, तेव्हा सगळ्यांदेखत ती म्हणाली, “ताई, आज लई लोक आलेत, बैठक घेऊन टाकू का?”