सुट्टीतली ड्यूटी

"नाव आहे ना? मग यायचं," असं म्हणून आमच्या इनचार्ज सिस्टर लाल पेनाला टक्कन टोपण लावायच्या आणि वाद संपायचा. वॉर्डातल्या नर्सचं महिन्याचं रोस्टर त्या करायच्या. मी लॅबमधला टेक्निशियन. माझं नाव त्यात नसायचं, तरी मला धाक वाटायचा.

कुवेतमध्ये, फिंतासला, आम्ही एकाच इमारतीत राहायचो. दर उन्हाळ्यात त्या नवऱ्याला आणि लेकीला घेऊन लातूरकडच्या आपल्या गावी जायच्या. तुम्हाला खोटं वाटेल, पण सुट्टीचंही रोस्टर असायचं. सकाळी थोरले चुलते, दुपारी मावशी, संध्याकाळी दोन्ही नणंदा. चहा नाकारला तर वर्षभर अबोला, म्हणून चहाच्याही पाळ्या. सकाळचे नवऱ्याने प्यायचे, दुपारचे लेकीने. एकदा पाचव्या घरी पोह्यांची बशी पुढे आली तेव्हा लेक म्हणाली, "मम्मा, आय ॲम ऑफ ड्यूटी!" सिस्टरांनी नुसतं पाहिलं, पोरीने निमूट चमचा उचलला. हे नवऱ्यानेच मला सांगितलं, दार लावून.

गेल्या वर्षी मात्र परतल्या त्या गप्पच. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, निघायच्या दिवशी आईने सुट्टीच्या रोस्टरचा कागद हातात घेतला.

"ह्याच्यात माझं नाव कुठं हाय गं?"

"अगं, तू तर घरचीच."

"घरचीला येळ लागत नाही व्हय?"

सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आईकडे त्या फक्त झोपायला जात होत्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, जरा बरंही वाटलं. सिस्टरांना चुकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

यंदा त्यांनी नातेवाइकांना पंधरा तारीख कळवली आणि पाचलाच एकट्या आईकडे गेल्या. नवरा आणि लेक मागून जाणार होते. मला आईंचा नंबर दिला, "अगदीच अडलं तर" म्हणून.

तिसऱ्याच दिवशी अडलं. वॉर्डातल्या कपाटाची किल्ली सापडेना. फोन आईंनी उचलला.

"लेक व्हय? ती अजून आली नाही. पंधराला येणाराय कुवेतहून."

"आई, मी कुवेतहूनच बोलतोय."

आईंचा आवाज एकदम खाली आला.

"मग आठ दिस ती कुठंच नाही, असं समजा की बाबा."

मागे कुणीतरी खळखळून हसलं. ते हसू मी वॉर्डात कधी ऐकलं नव्हतं.

किल्लीचं काही न विचारता मी फोन ठेवला. वॉर्डात जाऊन सांगितलं, "सिस्टरांचा पत्ता नाही. कुलूप तोडा."