पुस्तकाला भंडारा लागला म्हणून

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. माझं वय अठ्ठेचाळीस. बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथालयाच्या खिडकीपुढं मी उभा होतो. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, पाय अनवाणी. वहाणा दाराबाहेर काढल्या होत्या. काढायला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढल्याही नव्हत्या. मीच काढल्या.

खिडकीमागच्या बाबूनं एक जाड पुस्तक दोन बोटांच्या चिमटीत धरलं. मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसं. माझ्यामागं रांगेत पंधरा-वीस पोरंपोरी. त्यांना दिसावं म्हणून त्यानं ते उंच केलं.

"बघा रे! इतिहासाचं पुस्तक आहे का खंडोबाचं देऊळ?"

पोरं हसली. माझी पोरगी कमल शेजारीच उभी होती. ती खाली फरशीकडं बघत होती. त्या बाबूनंच तिला सांगून धाडलं होतं, बापाला घेऊन ये. म्हणून मी कळंबहून पहिल्या एसटीनं आलो होतो.

चूक माझी होती. ती आधीच कबूल करतो, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला नको. खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. माझ्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. मी मेंढरं कमी करून पाटाच्या पाण्यावर शेती धरली. पण लोकर कातरायची कातर अजून घरात होती. ती कातर, कोयता, खुरपी, कुऱ्हाड, सगळं धुऊन पाटावर मांडलं. मग मला आठवण झाली.

"कमले, तुझं हत्यार कुठाय? आण की."

"तात्या, ते ग्रंथालयाचं हाय. सुट्टीपुरतं आणलंय."

"मग? सरस्वती काय घरची न् भाड्याची असती व्हय?"

आणलं बिचारीनं. आमच्या वस्तीवरनं कॉलेजला गेलेली पहिली पोरगी. बी.ए.चं दुसरं वर्ष. मला कोण अभिमान! कातरीला नुसतं बोट टेकवलं, अन् पुस्तकाला मात्र पाची बोटं. ओल्या हातानं भंडारा घेतला, म्हणजे देवाची हळद, आणि पहिल्या कोऱ्या पानावर पंजा उठवला. कमलनं दुसऱ्या दिवशी कापसानं पुसून बघितलं. हळद ती. आणखी पसरली.

तर ते पान त्या बाबूनं सगळ्या रांगेला दाखवलं. मग मला म्हणाला,

"मेंढरामागं फिरणाऱ्यांच्या हातात पुस्तक दिलं की असं होतं. बाटवलं पुस्तक. तिप्पट किंमत भर. दोनशे चाळीस."

मी हात जोडले. मी कुणापुढं हात जोडणारा माणूस नव्हे. मेंढरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारा मी. व्यापाऱ्याचं बोट जरा सैल लागलं की रुमाल झटकून उठणारा. उसाच्या काट्यावर वजन दोनदा करायला लावणारा. गावात मला संशयी म्हातारा म्हणायचे, तेही म्हातारा झालो नव्हतो तेव्हापासून. पण त्या खिडकीपुढं मी म्हणालो, "चुकलं साहेब."

खिशात शंभराची एक नोट होती. ती दिली. त्यानं ड्रॉवरमध्ये टाकली.

"बाकीचे शनिवारपर्यंत. नाहीतर परीक्षेच्या फॉर्मवर आमचा शिक्का बसणार नाही. शिक्का नाही तर फॉर्म नाही. फॉर्म नाही तर परीक्षा नाही. कळलं?"

कळलं. पोरीचं वर्ष त्या शिक्क्याखाली होतं.

मी म्हणालो, "पावती?"

त्यानं मला पायापासून पटक्यापर्यंत बघितलं.

"तुला वाचता येतं का? पावती घेऊन काय चिलीम पेटवणार?"

पोरं पुन्हा हसली. मी वळलो. दाराबाहेर आलो तर कमल माझ्या वहाणा हातात घेऊन उभी. तिच्या हातात त्या बघितल्या आणि मला आत कुठंतरी चटका बसला. हिसकावून घेतल्या.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. भिगवण रोडचा फाटा मागं पडला. मग म्हणाली, "मी कॉलेज सोडते तात्या. तुमाला असं कुणी बोललेलं मला न्हाय बघवत."

माझं डोकं दुसरीकडंच चाललं होतं. तिप्पट का? दुप्पट का नाही? चौपट का नाही? आणि पावती म्हटल्यावर तो चिडला का? खऱ्या भावाला पावतीचं भय नसतं. बाजारात हे मला शेंबडं पोर असताना कळलं होतं. मग तिथं का नाही कळलं? कारण मला लाज आणली होती. लाज आणली की माणूस हिशेब विसरतो. ते त्याला ठाऊक होतं. माझ्यासारखे त्यानं किती बघितले असतील.

घरी आल्या आल्या पत्र्याची पेटी काढली. कागद मी कधी टाकत नाही. कॉलेजची पावती आणि प्रवेशाच्या वेळी विकत घ्यायला लावलेलं माहितीपत्रक, दोन्ही होतं. कमलला म्हणालो, "वाच."

"काय वाचू?"

"पुस्तकांचं जेवढं हाय तेवढं सगळं."

पावतीत ग्रंथालयाची फी निराळी, वाचनकक्षाची फी निराळी आणि अनामत रक्कम निराळी. कॉलेज सोडताना परत मिळणारी. हे सगळं मी भरलं होतं आणि मला एवढंच ठाऊक होतं की फी भरली.

"वाचनकक्ष म्हंजे?"

"बसून वाचायची खोली. पाचला उघडती, आठपर्यंत."

"तुझी गाडी?"

"सव्वापाचची."

म्हणजे ज्या खोलीत माझी पोरगी कधी बसूच शकत नव्हती, तिचं भाडं मी देत होतो.

ती पुढं वाचत गेली. प्रत्येक विद्यार्थ्यास दोन कार्डे. दोन पुस्तके आठ दिवसांसाठी घरी. मी थांबवलं.

"तुझ्याकडं दोन हायती?"

"एकच. बाहेरगावच्यांना एकच देत्यात म्हणाले."

"लिवलंय का तसं?"

तिनं पान वरून खाली बघितलं. उलटून बघितलं. "न्हाय."

मग सातवा नियम आला. ग्रंथालयातून घेतलेले पुस्तक हरवल्यास अथवा खराब झाल्यास विद्यार्थ्याने नवी प्रत आणून द्यावी किंवा छापील किंमत भरून पावती घ्यावी.

तिप्पट कुठंच नव्हतं.

"तुला हे ठावं न्हवतं?" मी आवाज चढवला.

"कुणीच वाचत न्हाय ते तात्या. खिडकीत सांगतील ते आमी करतो."

मी तिसरीतून शाळा सोडलेला. बापानं काठी हातात दिली आणि मेंढरांमागं धाडलं. अक्षर ओळखतो, पण चालताना ठेच लागावी तसं वाचतो. पुढचे दोन दिवस उसाला पाणी धरताना तेवढा एक नियम वाचत बसलो. बायको म्हणाली, "पोरीला येतंय की वाचाया. तिला सांगा."

म्हणालो, "तिला न्हाय विचारलं त्यानं वाचता येतं का. मला विचारलं."

शुक्रवारी दुधाचे पैसे घेऊन बारामती गाठली. स्टँडाजवळच्या दुकानात तेच पुस्तक मिळालं. छापील किंमत ऐंशी. दुकानदारानं न मागता पावती दिली. वहाणा घालूनच ग्रंथालयात शिरलो. रांग होती. कमलला घेऊन रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर नवं पुस्तक खिडकीत ठेवलं.

"माझे शंभर द्या. फॉर्मवर शिक्का मारा. आणि पोरीचं दुसरं कार्ड."

बाबू हसला. "हे असं चालत नाही. पुस्तक आणायला कुणी सांगितलं?"

"ह्यानं." मी माहितीपत्रक उघडलं आणि वाचायला लागलो. मोठ्यानं. बोट ठेवून. "ग्रं... था... ल... यातून... घे... तलेले..."

मागं कुणीतरी खुसखुसलं. पण थांबलो नाही. 'अथवा'वर अडलो, परत मागं गेलो.

बाबू म्हणाला, "बरं, बरं. कळलं."

"कळू दे. पुरतं वाचू दे."

'खराब झाल्यास' आलं. 'नवी प्रत' आलं. 'छापील किंमत' आलं तेव्हा मागची खुसखुस थांबली होती. 'पावती घ्यावी' म्हणालो आणि पुस्तिका त्याच्याकडं फिरवली.

"आता तुमी वाचा. ह्यात तिप्पट कुठं हाय तेवढं बोट ठेवून दावा."

त्यानं बोट ठेवलं नाही. रांगेतला चष्म्यावाला एक पोरगा म्हणाला, "काका, जरा बघू. मी मागच्या वर्षी तिप्पट भरलेत." पुस्तिका हातोहात मागं गेली.

गलका ऐकून आतल्या खोलीतून ग्रंथपाल आले. गोड माणूस. बाबूच्या कानात काही बोलले. शंभराची नोट ड्रॉवरमधून आली. शिक्का बसला. दुसरं कार्ड आलं, रांगेतनं पुस्तिकाही परत आली. मग साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला घेतलं.

"आबा, झालं ना तुमचं काम? आता फार ताणू नका. मुलीला अजून दीड वर्ष इथंच काढायचंय. एकटी पोर. उगाच कुणाच्या डोळ्यावर येऊ नये."

हसत म्हणाले. बाबूचं बोलणं थोबाडीत बसल्यासारखं होतं. ह्या माणसानं खांद्यावर हात ठेवून तेच केलं, फक्त आवाज न होता. घोंगडं झटकलं आणि त्यांचा हात खाली गेला.

कमल बाहेर आल्यावर म्हणाली, "मिळालं की तात्या सगळं. आता बास."

मला बास वाटेना. एका माणसाचं तोंड बंद करायला त्यांनी शंभर रुपये आणि एक कार्ड दिलं होतं. एवढ्या लवकर देतात म्हणजे मागं किती असेल? आणि साहेब खोटं बोलले नव्हते. एकटी पोर दाबता येते. मी काही रोज खिडकीपुढं उभा राहणार नव्हतो. मग ती एकटी राहता कामा नये. गाडीत बसून मी एवढंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी सातच्या आत कमलबरोबर कळंबच्या थांब्यावर गेलो. बारामतीच्या गाडीला कॉलेजची आणखी अकरा पोरंपोरी उभी होती. कुणाची लेकरं ते तोंडावरून ओळखत होतो. एकेकापुढं जाऊन विचारलं, "कार्डं काढा. किती हायती?"

एक. एक. एक. अकरा जणांकडं अकरा.

"फी कितीची भरली?"

कुणाला सांगता येईना. मी पुस्तिका कमलच्या हातात दिली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं वळून मोठ्यानं वाचायला लागली. तिचं वाचून होतंय तोवर गाडी आली. पोरं चढली. आता खिडकीत अकरा जणांची दुसरी कार्डं मागायची होती. मीही चढलो. कंडक्टरला म्हणालो, "बारामती. एक."