उक्त्यात तोललेलं पोर

"तुम्हा लोकांना फुकटचा आहार मिळतो ना, म्हणून पोरं आजारीच राहतात."

तालुक्याहून आलेल्या टीमच्या मॅडम हे मोठ्यानं बोलल्या. अंगणवाडीच्या ओट्यावर, वाडीतल्या सगळ्या बायांसमोर. पुढ्यात पांढऱ्या चादरीवर माझा नातू. आठ महिन्यांचा. त्यांनी त्याच्यावरून मोबाईल फिरवला, मोबाईलनं आतल्या आत हिशेब केला आणि पडदा हिरवा झाला. हिरवा म्हणजे पोर धडधाकट. एआय आहे म्हणे. त्याला फसवता येत नाही.

सुनेनं मान खाली घातली. त्याच आठवड्यात तिनं पोराचा करदोडा पुन्हा आवळून बांधला होता. वाढत्या पोराचा करदोडा सैल करावा लागतो. आमच्याचा आवळावा लागत होता.

मी म्हणाले, "मॅडम, काट्यावर घाला त्याला."

"काटा बंद केलाय आजी. आता मोबाईलच वजन सांगतो."

"नुसतं बघून?"

"हो, बघून."

मागून कुणीतरी म्हणालं, "हिला जिथं तिथं बाजारच दिसतो." बाया हसल्या. मॅडमही हसल्या.

बघून. हे मी लहानपणापासून ओळखते. माझा बाप डोंगरातला हिरडा गोळा करून खाली आणायचा. व्यापारी पोत्याला हातसुद्धा लावत नसे. बुटानं ढोसायचा आणि आकडा बोलायचा. उक्ता सौदा. वजन नाही. बाप हात जोडायचा, "मालक म्हनतील तसं." एका वर्षी मी पोतं परत डोक्यावर घेतलं आणि चालू लागले. बाप मागून शिव्या देत होता. पण त्या दिवसापासून मी बिनकाट्याचं काही विकलं नाही, काही घेतलं नाही. आज हिरड्याचा धंदा माझा स्वतःचा आहे. नारायणगावच्या बाजारात मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत. पण माझ्यासमोर मापात दांडी मारायची कुणाची छाती नाही.

आणि माझ्याच नातवाचा उक्ता सौदा झाला. मी समोर उभी असताना.

घरी येऊन त्याला माझ्या धंद्याच्या काट्यावर ठेवला. पाटीत, उघडा. मागे अंगणवाडीच्या काट्यावर भरलं होतं, त्याहून वजन कमी. मी तशीच पोराला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. अशा पोरांना दवाखान्यात ठेवून आहार देतात, मला माहीत होतं.

साहेब म्हणाले, "ॲपवर लाल आलं तरच दाखल करता येतं. तुमच्या दुकानाचं वजन चालत नाही. हे मूल आहे मावशी, हिरडा नव्हे."

"म्हनून तर काटा मागतेय, साहेब. हिरडा मी बिनवजनाचा घेत नाय."

साहेबांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "फोटोच्या वेळी कपडे काढले होते का?"

नव्हते. परक्यासमोर पोर उघडं करायचं नाही, दृष्ट लागते. सुनेनं झबलं ठेवलं होतं, तेही आतून दुपट्याची घडी घालून. मॅडमना घाई होती. त्यांनी वरूनच फिरवला.

"मग चूक तुमचीच. पुढच्या महिन्यात टीम येईल तेव्हा बघू."

नारायणगावला खाजगी डॉक्टरला दाखवलं. पोराच्या दंडाला हात लावूनच तो म्हणाला, "उशीर केलात." औषधं चालू आहेत. पोर रडतही नाही आता, नुसतं बघतं. त्याच्या वयाची पोरं रांगतात. हा बसत नाही.

टीम पुन्हा आली त्या सकाळी मी अंगणवाडीच्या आढ्याला झोळीचा काटा टांगला. नवा. माझ्या पैशाचा.

"हे काय? काढा ते. सरकारी जागा आहे," मॅडम म्हणाल्या.

"आधी काटा, मग फोटो."

अंगणवाडीची बाई माझ्या नात्यातली. ती कानाशी आली. "मावशे, काढ ना गं. माझी नोकरी जाईल."

मी बायांकडं पाहिलं. वाटलं होतं, दोघी तरी येतील. शेजारीण पुढं झाली आणि तिनं पोर चादरीवर ठेवलं. "तुझ्या भांडणापायी आमचा खाऊ बंद व्हायचा." मग दुसरी. मग सगळ्या. हिरवा, हिरवा, हिरवा. काट्यापाशी फक्त माझी सून उभी राहिली, पोर छातीशी घेऊन. तिनं झबलं स्वतःच्या हातानं काढलं. सगळ्यांसमोर.

मी झोळीत घातला. काटा जेमतेम हलला.

मॅडमनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "फोटो नाही तर मग 'पालकांचा नकार' अशी नोंद होईल."

"करा."

त्यांनी केली. त्या मोबाईलमध्ये आमच्याबद्दल खरं असं पहिल्यांदाच काही गेलं.

नातवाचं काय होईल, मला ठाऊक नाही. बरं होईल असं कुणी सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण काटा आढ्यालाच आहे. दोनदा काढून फेकला, दोनदा मी टांगला. पुन्हा फेकतील, पुन्हा टांगीन. माझ्या घरातलं पोर आता कुणी नजरेनं तोलणार नाही.